नखं, रुमाल, स्टेपनी

मॅगझिनच्या मराठी विभागासाठी काहीतरी लिहून दे, असं संपादक मंडळातल्या ताईने सांगितलं तेव्हा मला आधी हसूच आलं. मी पडले कॉन्व्हेंटची. शाळेत मराठी म्हणजे आठवड्यातले मोजके तास, बाकी सगळा कारभार इंग्रजीत. कविता करणं आपल्या रक्तातच नाही. प्रेम, पाऊस आणि मैत्री या तीन विषयांवर दरवर्षी या पानांमध्ये इतकं छापून येतं की त्यात माझी भर पडली नाही तरी मराठी साहित्याचं काही अडणार नाही! मग ठरवलं, जे आपल्याला खरंच येतं त्यावर लिहावं. मला गाडी तपासता येते. चालवता येते त्याहून जास्त चांगली तपासता येते.

"हा काय विषय आहे? सर्व्हिस सेंटरचं माहितीपत्रक लिहितेयस का?" रूममेट म्हणाली. पण तीच आता या लेखाचं शुद्धलेखन तपासतेय, आणि का तपासतेय ते पुढे कळेलच.

आमच्या शाळेत दर सोमवारी असेंब्लीनंतर तपासणी व्हायची. सिस्टर रांगेतून हळूहळू चालत यायच्या. नखं, रुमाल, बूट, रिबीन. हात पुढे करायचे, तळवे खाली. मग सिस्टर म्हणायच्या, "अदर साइड." तळवे वर करायचे. बऱ्याच मुली पकडल्या जायच्या त्या दुसऱ्या बाजूला, कारण नखं सगळ्यांनी आदल्या रात्री कापलेली असायची पण तळव्यावरच्या पेनच्या शाईकडे कोणाचं लक्ष नसायचं. दहा वर्षं दर सोमवारी हे झालं. त्या वेळी वैताग यायचा. पण घरी आजोबांचंही तेच चालायचं, त्यामुळे मला वाटायचं की जग असंच चालतं.

आमचे आजोबा एसटीत ड्रायव्हर होते. २००३ साली निवृत्त झाले. घाटातल्या गाड्या त्यांनी वर्षानुवर्षं चालवल्या. डेपोतून गाडी बाहेर काढण्याआधी ते गाडीभोवती एक फेरी मारायचे, हातात टॉमी घेऊन. मागच्या जोडटायरांवर टॉमीने ठोकायचं. दोन टायर शेजारी शेजारी असले की आतला बसला तरी बाहेरून दिसत नाही, पण आवाज बदलतो. हवा असली तर टणक वाजतो, नसली तर भद्द. ही सवय निवृत्तीनंतर आमच्या घरच्या छोट्या गाडीवर आली. तिला जोडटायर नाहीत, तरीही फेरी चुकली नाही. मी चौथीत असल्यापासून त्या फेरीत त्यांच्या मागे मागे असायचे. आधी नुसती टॉर्च धरायला, मग हवा बघायला, मग ऑइलची काडी पुसायला.

घरात आजोबांचा एक बिल्ला आहे. विनाअपघात सेवेचा, २५ वर्षांचा. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, "हा कशाबद्दल मिळाला?" ते म्हणाले, "काय झालं नाय, त्याबद्दल." मला तेव्हा ते अजिबात पटलं नव्हतं. धावण्याची शर्यत जिंकली, चित्र काढलं, पाठांतरात पहिला नंबर आला तर बक्षीस मिळतं. काहीच झालं नाही म्हणून बक्षीस?

आता फेरीविषयी. मी इथे गाडीची रिपेअरिंग शिकवणार नाहीये. ते काम मेकॅनिकचं. फेरी म्हणजे नुसतं बघणं. पण रोज बघितलेली गोष्ट ज्या दिवशी वेगळी दिसते, त्या दिवशी ती लगेच कळते. आपल्या मेसच्या आमटीचं बघा ना! रोज खाणाऱ्याला पहिल्या घासाला कळतं की आज आचारी बदललाय. पाहुण्याला काय कळणार?

आजोबांची फेरी सुरू होते जमिनीपासून. गाडी रात्रभर जिथे उभी होती तिथली फरशी किंवा माती आधी बघायची. एसी लावून आलो असू तर स्वच्छ पाण्याचे थेंब पडतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. काळपट तेलकट डाग असेल तर इंजिन किंवा गिअरबॉक्सचं ऑइल. हिरवट, गुलाबी किंवा तसंच रंगीत पाणी असेल तर कूलंट. आणि चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली, बोटाला बुळबुळीत लागली, तर गाडी जागची हलवायची नाही. ते ब्रेक ऑइल असू शकतं. याच वेळी खाली वाकून मांजर, कुत्र्याची पिल्लं आहेत का तेही दिसतं. आमच्या गल्लीत हा भाग फार महत्त्वाचा आहे.

मग टायर. गाडी कितीही महागाची असो, रस्त्याला ती टेकते ती फक्त चार ठिकाणी, आणि एकेका ठिकाणी साधारण आपल्या पंजाएवढीच. ब्रेक, एबीएस, एअरबॅग, सगळं त्या चार पंजांच्या भरवशावर. नव्या टायरची नक्षी सुमारे ८ मिलिमीटर खोल असते. कारच्या टायरसाठी किमान मर्यादा १.६ मिलिमीटरची आहे. मोजायला काही लागत नाही. नक्षीच्या खाचेत तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात, तेवढी उंची बरोबर १.६. नक्षी झिजून त्या उंचवट्यांना टेकली की टायरचं आयुष्य संपलं. गॅरेजच्या भाषेत टायर "गोटा" झाला. कोरड्या रस्त्यावर गोटा टायर चालतोय असं वाटत राहतं. पावसात खरी गंमत, कारण नक्षीचं कामच मुळी पाणी बाजूला काढण्याचं आहे. पाण्याला जायला वाट नसली की टायर पाण्यावर चढतो आणि मग स्टिअरिंग फिरवा नाहीतर ब्रेक दाबा, गाडी आपल्याच मनाने जाते.

नक्षीइतकंच टायरचं वय महत्त्वाचं. टायरच्या बाजूला डीओटी या अक्षरांपासून सुरू होणारा एक कोड असतो, त्याच्या शेवटी चार आकडे. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३१२२ म्हणजे २०२२ सालचा एकतिसावा आठवडा. टायर न वापरताही रबर कडक होतं, त्याला बारीक भेगा पडतात. घरी जाऊन आपल्या गाडीच्या स्टेपनीवरचे आकडे नक्की वाचा. काही काही घरांत स्टेपनी धाकट्या भावाहून मोठी निघेल!

हवेबद्दल तर इतके गैरसमज आहेत की त्यावर एक सेमिनार होईल. "उन्हाळा आहे, हायवेला जायचंय, हवा जरा कमीच ठेव, नाहीतर टायर फुटेल." हे वाक्य मी किमान वीस जणांकडून ऐकलंय, त्यात दोन मेकॅनिकलचे आहेत (नावं छापत नाही). उलट आहे सगळं. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दुमडते आणि सरळ होते. एखादी तार हाताने भराभर वाकवून सरळ केली की ती गरम होते ना, तसंच. ती उष्णता साठत जाते आणि तिनेच टायर फुटतो. हवा किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. भरलेल्या गाडीसाठी आकडा वेगळा असतो. आणि हवा बघायची ती टायर थंड असताना. समृद्धी महामार्ग पहिल्यांदा खुला झाला तो डिसेंबर २०२२ मध्ये, नागपूर ते शिर्डी. तासाला १२० किलोमीटरची मर्यादा, सरळ रस्ता, विदर्भाचं ऊन. टायर फुटून अपघात होऊ लागल्यावर २०२३ मध्ये परिवहन विभागाला तिथे गाड्यांचे टायर तपासायला माणसं उभी करावी लागली. म्हणजे जे काम आपण घराच्या अंगणात दोन मिनिटांत करतो, त्यासाठी सरकारला माणूस ठेवावा लागला.

आता बॉनेट. इथे तीन-चारच गोष्टी आहेत. ऑइलची काडी सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटांनी काढायची, पुसायची, परत घालून परत काढायची. दोन खुणांच्या मध्ये ऑइल हवं. कूलंटची प्लास्टिकची टाकी, त्यावरही दोन रेषा. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही. आत दाब असतो, म्हणून तर ते पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण काढलं की दाब गेला आणि सगळं तोंडावर. घरातल्या कुकरचा नियम इथेही. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी साचलीय का ते बघायचं. आणि ब्रेक ऑइल.

ब्रेक ऑइलवर थोडं थांबते, कारण आपल्या कॉलेजमधली निम्मी मुलं घाट उतरून घरी जातात.

पहिली गोष्ट, ते ऑइल नाही. सगळे तसं म्हणतात म्हणून मीही म्हणतेय. त्यात चुकूनही इंजिनचं ऑइल घालायचं नाही, आतली रबरं फुगतात आणि ब्रेक जातो. दुसरी गोष्ट, आपल्या गाड्यांत जे ब्रेक ऑइल असतं ते हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ४ प्रकारचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. तेच पाणी शोषून जुनं झालं की त्याचा प्रमाणित किमान आकडा १५५ वर येतो. आता एक छोटा हिशोब करू. पाच माणसं आणि सामान धरून गाडी १२०० किलोची. तिने घाटात फक्त १०० मीटर उंची उतरली, तर एमजीएच म्हणजे १२०० गुणिले ९.८१ गुणिले १००. जवळजवळ पावणेबारा लाख जूल. एवढ्या उष्णतेत २५ अंशांचं पावणेचार लिटर पाणी उकळायला लागेल. (हॉस्टेलच्या कॉइलवर एवढं पाणी तापायला किती वेळ लागतो ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे, कोणाच्याच रूममध्ये कॉइल नाही, पण ऐकून माहीत आहे, असं रेक्टर मॅडमनी समजावं.) आणि घाट १०० मीटरचा नसतो. कित्येक शेकड्यांचा असतो. ही सगळी उष्णता जायची कुठे? गाडी न्यूट्रलमध्ये टाकून, पेट्रोल वाचवत, ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर जवळजवळ सगळी ब्रेकमध्ये. जुनं ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. मग पाय दाबतो ती फक्त वाफ, आणि पेडल सरळ तळाला जातं.

म्हणून आजोबांचा नियम असा की ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं, आणि ब्रेक ऑइल पुस्तकात लिहिलेल्या मुदतीला बदलायचंच, काळं दिसो वा न दिसो. बहुतेक गाड्यांना ती मुदत दोन वर्षांच्या आसपास असते. निघण्याआधी इंजिन चालू करून पेडल दाबून धरायचं. कडक लागलं पाहिजे आणि तिथेच राहिलं पाहिजे. स्पंजासारखं लागलं किंवा हळूहळू खाली सरकत गेलं तर गाडी मेकॅनिककडे. आजोबा म्हणतात, "बाय, गाडी सुरू झाली नाय तर नुसता त्रास. थांबली नाय तर घात." सर्व्हिसिंगला आपण नेमकं उलट करतो. गाडी सुरू होत नसेल तर धावत जातो, ब्रेक मऊ लागत असेल तर म्हणतो, बघू पुढच्या महिन्यात.

उरलेल्या गोष्टी पटकन सांगते. वायपरचं रबर उन्हाळ्यात कडक होतं आणि ते कळतं पहिल्या पावसात, घाटात, समोरून ट्रक येताना. म्हणून ते मे महिन्यातच बघायचं. दिवे बघायला एक माणूस मागे उभा करायचा. कोणी नसेल तर गाडी भिंतीला पाठ करून लावायची, ब्रेकचा लाल उजेड भिंतीवर आरशात दिसतो. चावी फिरवली की डॅशबोर्डवरचे लाल-पिवळे दिवे लागले पाहिजेत आणि इंजिन सुरू झालं की विझले पाहिजेत. न विझणारा दिवा वाईट, पण लागतच नसलेला दिवा त्याहून वाईट, कारण जुन्या गाडीत काही लोक तो काढूनच टाकतात. मागच्या सीटचे बेल्ट एकदा झटका देऊन ओढून बघायचे. आणि ड्रायव्हरच्या पायाखालची चटई घट्ट आहे ना, पाण्याची बाटली तिथे लोळत नाही ना, हे बघायचं. ब्रेक पेडलखाली अडकलेल्या बाटलीपुढे भारीतल्या भारी गाडीचंही काही चालत नाही.

हे सगळं बघायला लागतात दहा मिनिटं. मी घड्याळ लावून मोजलंय.

चिपळूणकरांना मात्र ऑइलची काडी एका वेगळ्या कारणासाठीही आठवते. २२ जुलै २०२१ चा महापूर. मी तेव्हा सोळा वर्षांची होते. पाणी ओसरल्यावर गल्लोगल्ली चिखलात माखलेल्या गाड्या उभ्या होत्या. आमचीही होती. बाबांना घाई होती, गाडी सुरू होते का ते बघायची. आजोबा चिखलातून काठी टेकत आले आणि म्हणाले, "चावी लावायची नाय. आधी काडी काढ." मी काडी काढली. तिच्यावर ऑइल नव्हतं, दुधाळ चहासारखं काहीतरी होतं. म्हणजे ऑइलमध्ये पाणी मिसळलेलं. त्या वेळी सेल्फ मारला असता तर सिलिंडरमध्ये शिरलेल्या पाण्यावर पिस्टन आपटला असता. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे वाकतो तो कनेक्टिंग रॉड. हे कारण मला या वर्षी इंजिनच्या तासाला सरांनी फळ्यावर आकृती काढून सांगितलं. सातवी पास आजोबांनी ते चिखलात उभं राहून सांगितलं होतं. गाडी टो करून नेली, सगळं उघडून साफ केलं. खर्च झाला, पण इंजिन वाचलं. तीच गाडी आजही आमच्या दारात आहे.

आता रूममेटची गोष्ट. तिच्या परवानगीने लिहितेय.

२०२४ ला गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, शनिवारी. आम्ही तेव्हा सेकंड इयरला. शुक्रवारी दुपारी रूममेटचा दादा पुण्याहून कार घेऊन आला. रूममेट, मी आणि आमच्या विंगमधली गुहागरची एक मुलगी, अशा तिघींना घेऊन कोयनानगरवरून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जायचं ठरलं होतं. बॅगा भरलेल्या, पाऊस धो धो. मी नेहमीप्रमाणे फेरीला सुरुवात केली. दादा हसत होते. हवा ठीक, बाहेरून नक्षी छान, लाइट ठीक. मग म्हटलं, "दादा, स्टिअरिंग पूर्ण फिरवता का एकदा?"

समोरच्या टायरची आतली कडा सरळ उभ्या चाकात दिसत नाही. चाक वळलं की दिसते. डाव्या टायरच्या आतल्या कडेला रबर संपून तारा बाहेर आल्या होत्या. बोटभर रुंदीचा पट्टा, बाकी टायर जवळजवळ नवा. अलाइनमेंट बिघडली की असं होतं. खड्ड्यात चाक आपटतं, चाकाचा कोन बदलतो आणि टायर एकाच कडेने घासला जातो. मला सिस्टरच आठवल्या. अदर साइड!

स्टेपनी काढली. तिच्यात नावाला हवा होती आणि वर आकडा होता ०९१२. म्हणजे २०१२ सालची.

दादा म्हणाले, "पुण्याहून इथपर्यंत याच टायरवर आलो ना? मग अजून शंभर किलोमीटर काय होतंय?"

याला उत्तर देणं सोपं वाटतं ना? तिथे उभं राहून देऊन बघा. दादा आमच्याहून आठ वर्षांनी मोठे, दहा वर्षं गाडी चालवणारे. आम्हाला न्यायला मुद्दाम वाट वाकडी करून आलेले. पाऊस पडतोय, सगळ्यांना घरी गणपतीची तयारी करायचीय, तिघींच्या आया फोन करतायत. आणि मी एकोणीस वर्षांची मुलगी, लायसन्स येऊन जेमतेम वर्ष झालेलं. रूममेट माझ्याकडे बघत होती, तिच्या डोळ्यांत स्पष्ट होतं की आता पुरे कर. मी एवढंच म्हणाले, "दादा, इथपर्यंत आलात म्हणजे तेवढं रबर अजून कमी झालं. मी या गाडीने घाट उतरणार नाही. या दोघींनीही बसू नये असं मला वाटतं."

कोणीच काही बोलेना. तेवढ्यात आपले गेटवरचे वॉचमन काका छत्री घेऊन आले, टॉर्च मारली, वाकून बघितलं आणि म्हणाले, "पोरींनो, एष्टीनं जावा." बस्स. दादांचा चेहरा पडला. ते रागावले होते, लपवत नव्हते. पण काकांच्या टॉर्चच्या उजेडात त्यांनीही वाकून ती कडा नीट बघितली.

आम्ही तिघी कराड स्टँडवर गेलो. गणपतीची गर्दी म्हणजे काय ते कोकणातल्यांना सांगायला नको. पाटणपर्यंत उभ्याने, मग एका मावशींनी सरकून जागा दिली. घाटात धुकं इतकं होतं की समोरच्या गाडीचे फक्त लाल दिवे दिसत होते. आमचे ड्रायव्हर काका गिअर खाली टाकून, इंजिनच्या जोरावर गाडी धरून, अगदी सावकाश उतरत होते. रूममेट पूर्ण प्रवासात माझ्याशी एक शब्द बोलली नाही. चिपळूणला उतरल्यावर फक्त म्हणाली, "दादा एकटाच राहिला तिकडे."

ते खरं होतं, आणि ते मला लागलं.

दादांनी स्टेपनीत हवा भरून, ती लावून, हळूहळू गाडी टायरच्या दुकानापर्यंत नेली. समोरचे दोन्ही टायर नवे घातले, अलाइनमेंट केली. रात्र मित्राकडे काढली आणि शनिवारी पहाटे निघून आरतीच्या आत घरी पोचले.

तो टायर घाटात फुटलाच असता, असं मी म्हणत नाही. कदाचित फुटला नसता. कदाचित आम्ही संध्याकाळी गाणी म्हणत घरी पोचलो असतो आणि मला सगळ्यांनी आयुष्यभर चिडवलं असतं. तपासणीची हीच अडचण आहे. ती केली की काही होत नाही, आणि काही झालं नाही की ती उगाचच केली असं वाटतं. परीक्षेत पेपर सोडवला तर मार्क मिळतात. इथे न घडलेल्या गोष्टीचे मार्क कोण देणार? त्यामुळे माणूस कंटाळतो आणि एक दिवस फेरी सोडून देतो. त्या दिवशीही बहुतेक काहीच होत नाही. मग दुसऱ्या दिवशीही सोडतो.

आजोबांनी ती फेरी एसटीत बत्तीस वर्षं सोडली नाही. त्यांच्या गाडीतून गेलेल्या कोणालाही माहीत नाही की सकाळी डेपोत एका माणसाने टॉमीने टायर वाजवून बघितले होते. लोक गावी उतरले, पिशव्या घेऊन घरी गेले, जेवले, झोपले. "काय झालं नाय, त्याबद्दल" याचा अर्थ मला त्या रात्री, चिपळूण स्टँडवर भिजत बाबांची वाट बघताना कळला.

आता थोडं आपल्या हॉस्टेलविषयी. आपल्यापैकी बहुतेकांकडे कार नाही, बाईक आहेत. नियम तेच. हवा, नक्षी, ब्रेक, चेनचा ताण, मागचा दिवा. ट्रेकला, इंडस्ट्रियल व्हिजिटला किंवा कोणाच्या लग्नाला आपण भाड्याची गाडी करतो. तेव्हा बसण्याआधी एक फेरी मारा. ड्रायव्हर काकांना राग येईल अशी भीती वाटते, पण माझा अनुभव वेगळा आहे. "काका, स्टेपनीत हवा आहे ना?" असं नीट विचारलं की चांगला ड्रायव्हर खूश होतो, कारण त्याला तसं कोणी विचारतच नाही. आणि जो चिडतो, त्याची स्टेपनी तर नक्की बघा!

प्राध्यापक आणि कर्मचारी वर्गालाही एक नम्र विनंती. पार्किंगमध्ये तुमच्या गाड्यांशेजारून आम्ही रोज जातो. लॅबमागच्या रांगेतल्या एका पांढऱ्या गाडीचा मागचा उजवा टायर गेला महिनाभर गोटा आहे. नंबर लिहीत नाही. इंटर्नल मार्क्स अजून लागायचे आहेत.

महिन्यातला एक ठरावीक दिवस ठेवा, आणि लांबच्या प्रवासाआधी एक जास्तीची फेरी. जमीन, टायर, चाक वळवून टायरची आतली बाजू, स्टेपनी, ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, पेडल, दिवे, वायपर, बेल्ट, पायाखालची चटई. कागदावर लिहून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. हात थोडे काळे होतील, तेवढे मेसमध्ये जाण्याआधी धुवा.

आजोबांना आता ऐंशी वर्षं झाली. मोतीबिंदूनंतर त्यांनी गाडी चालवणं स्वतःहून सोडलं. रूममेटचे दादा अजूनही पुण्याहून निघण्याआधी मला फोटो पाठवतात, चाक वळवून काढलेला, आतल्या कडेचा. खाली काही लिहीत नाहीत. मी तो मोठा करून नीट बघते आणि अंगठा पाठवते.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी